"हे गाणं पळून राहिलं रे": हायकूवर एम्युलेटर चढवतानाचा उन्हाळा

एप्रिलपासून दोन महिने, रात्री जेवणं आटोपली की मी एकच काम करून राहिलो होतो. जुन्या आठ बिटी व्हिडिओ गेमचा एक एम्युलेटर, म्हणजे त्या जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, हायकूवर चालवायचा. आता पहिले हायकू म्हणजे काय ते सांगावं लागते, कारण ज्याला ज्याला सांगितलं त्याने जपानी कविता समजून "अरे वा, लिहायला लागला का" असंच विचारलं, आईने तर शेजारच्या काकूंना सांगूनही टाकलं.

हायकू ही एक ऑपरेटिंग सिस्टम आहे. लिनक्स नाही, लिनक्सची बहीण-भाचीही नाही. नव्वदच्या दशकात जाँ-लुई गासे म्हणून एक फ्रेंच गृहस्थ, आधी ॲपलमधे मोठ्या पदावर होते, त्यांनी बी इन्कॉर्पोरेटेड नावाची कंपनी काढली आणि तिची सिस्टम म्हणजे बीओएस. फार हुशार प्रकरण होतं, एकाच मशीनवर चार व्हिडिओ चालवून दाखवायचे त्या काळी. पण बाजारात टिकलं नाही, २००१ मधे कंपनीचा माल पामने विकत घेतला. ज्यांचा जीव त्यात अडकला होता त्यांनी त्याच वर्षी सगळं पहिल्यापासून स्वतः लिहायला घेतलं, २००४ मधे त्याचं नाव हायकू ठेवलं, (बीओएसच्या ब्राउझरमधे पान सापडलं नाही की एरर हायकूच्या रूपात यायचा, त्याची आठवण) आणि पहिली बीटा आली २०१८ मधे. सतरा वर्षं. आपली नागपूरची मेट्रो याच्यापेक्षा लवकर झाली. पाचवी बीटा २०२४ च्या सप्टेंबरमधे आली आणि मी तीच वापरून राहिलो.

का वापरतो, याला धड उत्तर नाही. घरी दोन जीबी रॅमचा एक जुना लॅपटॉप पडून होता, त्यावर बाकी सगळं रडत चालायचं आणि हायकू चहा गाळेपर्यंत सुरू होते. बस, इतकंच.

आता कोणी म्हणेल हायकूवर रेट्रोआर्च हा तयार एम्युलेटर आहे की, डेपोतून, म्हणजे हायकूच्या ॲपच्या दुकानातून, एका क्लिकवर येते, काऊन डोकं लावून राहिला? बरोबर आहे. आणि मी जो एम्युलेटर घेतला, सी प्लस प्लसमधे लिहिलेला छोटासा, ओपन सोर्स, तो एसडीएल लायब्ररी (विंडो, आवाज, कीबोर्ड कोणत्याही सिस्टमवर सांभाळून घेणारा तयार कोड) वापरतो आणि एसडीएलही हायकूवर आहे, त्यामुळे खरं सांगायचं तर तो एका रविवारच्या दुपारीच चालला होता. पण तो चालला म्हणजे कसा, तर भाड्याच्या घरात राहिल्यासारखा. मेनू नाही, फाइल ओढून टाकली तर घेत नाही, सेव्ह कुठे करते पत्ता नाही. मला तो हायकूचा स्वतःचा वाटायला पाहिजे होता. म्हणून एसडीएल काढून टाकायचं आणि विंडो, आवाज, कीबोर्ड सगळं हायकूच्याच एपीआयने, म्हणजे तिने प्रोग्रामसाठी दिलेल्या स्वतःच्या सोयींनी, करायचं ठरवलं. हा निर्णय घेताना मी तर्री पोहे खात होतो, त्या तिखटाच्या भरात माणूस असे निर्णय घेते.

सुरुवातीचा त्रास किरकोळ होता, पटकन सांगतो. मी बत्तीस बिटवाली आवृत्ती टाकली होती, कारण जुने बीओएसचे प्रोग्रामही त्यात चालतात, आणि ते चालावेत म्हणून तिथला डीफॉल्ट कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारा) अजूनही जीसीसी २.९५ आहे, म्हणजे १९९९ चा. त्याला आजचं सी प्लस प्लस दाखवलं तर तीनशे एरर. सेटआर्च म्हणून कमांड आहे, ती मारली की नवा कंपायलर मिळते, हे कळायला एक रात्र गेली. मग लिंकर, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे जोडणारा, म्हणाला मॅथची लायब्ररी सापडत नाही. नाहीच ती वेगळी! हायकूमधे मॅथ, थ्रेड सगळं लिबरूट या मूळ लायब्ररीच्या पोटातच आहे, मेकफाइलमधून त्या दोन ओळी फक्त खोडायच्या.

कीबोर्डची मात्र गंमत झाली. गेममधे एका वेळी तीन-चार बटणं दाबलेली असतात, पळता पळता उडी मारून गोळी झाडायची असते, म्हणून एकेक की येण्याची वाट न पाहता पूर्ण कीबोर्डची स्थिती एकदम विचारून घेतो. सोळा बाइट मिळतात, प्रत्येक कीला एक बिट. मी बिट उजवीकडून मोजले, हायकू डावीकडून मोजते. झालं काय, तर वरच्या बाणाचं काम बी अक्षर करायला लागलं, उजवीकडे जायला नंबरपॅडचा शून्य आणि झेडवर ठेवलेली उडी डाव्या शिफ्टवर. आणि मी शहाण्यासारखा अर्धा तास तसाच खेळलो, मला वाटलं लॅपटॉपचा कीबोर्डच गेला.

पण सगळ्यात जास्त रक्त आटवलं ते विंडो बंद करण्याने. हायकूमधे प्रत्येक विंडोला तिचा स्वतःचा थ्रेड (प्रोग्रामच्या आत वेगळं चालणारं काम) असते, हा बीओएसपासूनचा बाणा, त्यामुळेच मशीन कितीही दमलेलं असलं तरी विंडो हलते, मेनू उघडते. पण दुसऱ्या थ्रेडमधून तिच्यात काही चित्र काढायचं असेल तर आधी तिला लॉक लावावं लागते. माझा एम्युलेटर वेगळ्या थ्रेडवर, दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर चित्राला, लॉक लावते, चित्र काढते, लॉक सोडते. छान. आता खेळणाऱ्याने विंडो बंद केली. विंडोचा थ्रेड म्हणते, ठीक आहे, एम्युलेटरचा थ्रेड संपला की मी जातो, आणि लॉक हातात धरूनच वाट पाहते. एम्युलेटर म्हणते, मी ही शेवटची फ्रेम काढतो आणि संपतो, जरा लॉक सोड. इतवारीच्या बोळात समोरासमोर दोन हातठेले आले की जे होते ते. दोघंही शांत, सीपीयू शून्य टक्के, विंडो जागच्या जागी थिजलेली. आठ दिवस मला वाटत होतं की कधीकधीच होते, कारण लॉकच्या बाहेर असताना बंद केलं तर नीट बंद व्हायचं. शेवटी लॉक मागताना मुदत घातली, इतक्या वेळात मिळालं नाही तर फ्रेम सोडून दे आणि संपायचं आहे का ते पाहा. चार ओळींचा बदल. त्या चार ओळींसाठी मी आठ दिवस घरच्यांशी नीट बोललो नाही.

मग आवाज. इथे मी जरा रमणार आहे, कारण पुढची सगळी भानगड आवाजातूनच निघाली.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा स्पीकरमधून मिक्सर लागल्यासारखा फर्रर्र आवाज. हायकूचा आवाज वाजवणारा बीसाउंडप्लेअर डीफॉल्टने आवाजाचे नमुने फ्लोटमधे, म्हणजे दशांशात, मागते, मी सोळा बिटी पूर्णांक कोंबून राहिलो होतो. ते सुधारलं तर गाणं आलं, पण दर मिनिटाला एक "टक्". अगदी नेमाने. याचं गणित सांगतो, मजेशीर आहे. हा जो जुना कन्सोल आहे, अमेरिकेत एनईएस आणि जपानात फॅमिकॉम, तो सेकंदाला साठ फ्रेम काढते असं सगळे म्हणतात पण नेमका आकडा ६०.०९८८ आहे. आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने. भागाकार केला तर फ्रेममागे ७३३.८ नमुने येतात. या एम्युलेटरच्या मूळ लेखकाने साठनेच भागून ७३५ धरले होते आणि मी फ्रेमची वेळ मात्र नेमकी, १६,६३९ मायक्रोसेकंद, लावली. म्हणजे सेकंदाला सत्तर-बहात्तर नमुने जास्तीचे बनतात, बफर, म्हणजे वाजायच्या आधी नमुने साठवायची जागा, ४,०९६ चा, तो साधारण मिनिटभरात ओसंडते, आणि टक्. घड्याळं दोन झाली की असंच होते. मग स्वतःचं घड्याळ फेकलं आणि साउंड कार्डालाच मालक केलं, बफर रिकामा होत आला की तेव्हाच पुढची फ्रेम बनवायची. टक् गेला.

दुपारी परत यायला लागला. रात्री नाही, फक्त दुपारी. मे महिना होता, बाहेर पंचेचाळीस, लॅपटॉप बापडा तापला की स्वतःच वेग कमी करते आणि बफर उपाशी. त्यावर उपाय सॉफ्टवेअरमधे नव्हता, लॅपटॉप कूलरसमोर ठेवला.

तर असं सगळं जमलं आणि मी मारिओ लावला, आणि मला ते बरोबर वाटेना.

काय बरोबर नाही ते सांगता येत नव्हतं. चित्र ठीक, रंग ठीक, पण मारिओ घाईत होता. लहानपणी ज्या उडीला विचार करायला वेळ असायचा तिथे आता धपकन खड्ड्यात. मी म्हटलं माझ्याच कोडमधे काहीतरी जोरात चालून राहिलं. पहिला संशय हा की मी ४४,१०० ने आवाज बनवतोय आणि कार्ड ४८,००० ने खातंय, म्हणजे सगळंच नऊ टक्के जोरात जाईल. दोन रात्री तेच तपासलं, निघालं नाही. मग सीपीयूचा संशय. या कन्सोलचा प्रोसेसर ६५०२ चा भाऊ आहे, त्याच्यासाठी नेसटेस्ट म्हणून एक प्रसिद्ध चाचणी आहे, तिच्यासोबत जवळपास नऊ हजार ओळींचा लॉग येते, कोणत्या क्षणी कोणत्या रजिस्टरमधे काय असलं पाहिजे, सगळं. ती चालवली. ओळ न् ओळ जुळली. सगळं बरोबर आणि तरी चूक, याच्यासारखी वाईट अवस्था नाही.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला त्या आठवड्यात ताई आली. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, मानेवाड्याला राहते, गाणं शिकली आहे आणि घरी मुलांना शिकवते. पण मुख्य गोष्ट ही की आमच्याकडे तो व्हिडिओ गेम आला तेव्हा ती माझ्यापेक्षा खूप चांगली खेळायची, कॉन्ट्रात माझे जीव संपले की तिचे वापरू द्यायची आणि नंतर दोन दिवस ऐकवायची. तिला लॅपटॉप दिला. तिने सुरू केलं, दहा सेकंद खेळली आणि थांबली.

"कूलर बंद कर."

"ताई, बाहेर पाह्य ना काय ऊन आहे."

"बंद कर म्हणते ना."

बंद केला. तिने पहिल्या लेव्हलचं गाणं तसंच चालू दिलं, मारिओ जागेवर उभा, आणि ती मांडीवर हाताने मात्रा मोजायला लागली. आमच्या दोघांच्याही अंगातून घामाच्या धारा.

"हे गाणं पळून राहिलं रे."

"माहीत आहे. कुठेतरी स्पीड जास्त होऊन राहिली, सापडत नाही."

"स्पीड जास्त नाही. टेप जोरात फिरवली तर सूर चढते का नाही? इथे सूर तिथेच आहे. लय तेवढी चढली."

मी म्हटलं तुला पंचवीस वर्षांपूर्वीचा सूर काय आठवते. तर तिने गुणगुणून दाखवला, मग फोनवरच्या हार्मोनियमवर वाजवून दाखवला, आणि स्पीकरमधून येणाऱ्या आवाजाशी तो तंतोतंत जुळला. "सूर तोच आहे, तू लय द्रुत करून ठेवली," असं म्हणून ती आत आंब्याचं पन्हं घ्यायला निघून गेली आणि मी तिथेच बसून राहिलो.

कारण तिने जे सांगितलं त्यात उत्तर पूर्ण होतं. या कन्सोलमधे सूर आणि लय वेगवेगळ्या खुंट्यांवर टांगलेले आहेत. सूर प्रोसेसरच्या क्लॉकला भागून बनते, क्लॉक १.७९ मेगाहर्ट्झ, त्याला एका आकड्याने भागलं की तो स्वर. लय मात्र फ्रेमवर. पडद्यावर एक चित्र काढून झालं की चित्राची चिप प्रोसेसरला टोचणी देते आणि त्या टोचणीला गाण्याचा प्रोग्राम एक पाऊल पुढे सरकते. म्हणजे क्लॉक तोच ठेवून सेकंदाला टोचण्या कमी दिल्या, तर सूर तसाच राहून लय विलंबित होईल. आणि भारतात टीव्ही कोणता होता? पाल पद्धतीचा. पन्नास हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला पन्नास चित्रं. आम्ही साठ फ्रेमवाला मारिओ कधी पाहिलाच नव्हता! मी दहा दिवस जो बग शोधून राहिलो होतो तो माझ्या कोडमधे नव्हता, एम्युलेटर अमेरिकेतला मारिओ अगदी इमानाने चालवत होता.

उड्या मारत सेटिंगमधे गेलो, या एम्युलेटरमधे पालचा पर्याय होताच, तो लावला आणि ताईला बोलावलं.

"आता?"

तिने ऐकलं. तोंड वाकडं केलं.

"लय बरोबर आहे. सूर पाडला तू. अर्ध्या सुराच्याही थोडा खाली गेला."

हे मी नंतर मोजलं. युरोपात जो अधिकृत पाल कन्सोल विकला गेला त्याचा प्रोसेसर १.६६ मेगाहर्ट्झवर चालायचा. १.७९ वरून १.६६, याचा सुरातला फरक अर्ध्या स्वराच्या सव्वापट पडते. बाई, तू कशी काय पकडलंस. मी डेव्हलपर म्हणून पंधरा वर्षं पगार घेतो आणि माझं सगळ्यात चांगलं डीबगिंग टूल हे मानेवाड्याहून रिक्षाने आलं.

म्हणजे आमचा कन्सोल अमेरिकन नाही आणि युरोपियनही नाही. मग कोणता?

माळ्यावर चढलो. आईने काहीच फेकलेलं नाही, तिथे माझी पाचवीची चित्रकलेची वही पण आहे. जुन्या सतरंजीखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत तो गेम निघाला, पांढरा होता तो आता पिवळा, सोबत दोन पिवळ्या कॅसेट, एकीवर ९९९९ इन वन लिहिलेलं ज्यात खरे गेम सहा आणि बाकी तेच सहा वेगवेगळ्या रंगात. बर्डीवरून बाबांनी आणला होता, परीक्षेचा निकाल लागल्यावर, आणि घरी आल्यावर टीव्हीच्या मागे वायर लावून चॅनल शोधता शोधता पूर्ण संध्याकाळ गेली होती. कॅसेट लागली नाही की तिच्यात फुंकर मारायची हे कोणी शिकवलं माहीत नाही, पण नागपुरातल्या प्रत्येक पोराला ते येत होतं. ॲडॉप्टर केव्हाच मेला होता, म्हणून चालवून पाहायचा प्रश्न नव्हता. स्क्रू गंजलेले, तिसरा स्क्रू काढताना अंगठ्याला लागलं. आत एक लहानशी पाटी, तिच्यावर काळ्या डांबरासारखा एक थेंब, त्याखाली पूर्ण कन्सोल, आणि बाजूला चांदीच्या रंगाचा क्रिस्टल. मोबाइलचा टॉर्च लावून वाचलं. २६.६०१.

बस, हेच पाहिजे होतं. अमेरिकन मशीनमधे क्रिस्टल २१.४७७ चा असते. २६.६०१७१२ मेगाहर्ट्झ हा पालचा आकडा. अधिकृत पाल कन्सोल त्याला सोळाने भागून प्रोसेसरला देते, म्हणून १.६६. पण पालवाल्या देशांसाठी नकली कन्सोल बनवणाऱ्यांनी एक शक्कल केली, पंधराने भागलं. येते १.७७३. अमेरिकन १.७९० च्या इतकं जवळ की सुरात फरक पडला तरी ताईसारखीलाही कळत नाही. रशियात १९९२ पासून डेंडी नावाने असेच नकली कन्सोल विकले गेले आणि तिथे ते इतके गाजले की एम्युलेटरवाले या पूर्ण जातीलाच डेंडी म्हणतात. आमच्या माळ्यावरचा पिवळा डबाही त्याच कुळातला.

आणि हे फक्त सुराचं नाही, जरा अजून थांबा. ती नक्कल करणारी माणसं, कोण होती त्यांची नावं कुठे नाहीत, फार डोक्याची होती. बाजारात कॅसेट अमेरिका-जपानसाठी लिहिलेल्या गेमच्या. ते गेम गृहीत धरतात की चित्राच्या चिपची तीन पावलं म्हणजे प्रोसेसरचं एक पाऊल. अधिकृत पालमधे हे प्रमाण ३.२ होते आणि काही गेमची खालची पट्टी, ज्यात गुण आणि जीव दिसतात, ती थरथरते. पंधराने भागलं तर बरोबर तीन राहते. मग पन्नास हर्ट्झ कसे आणायचे? अमेरिकन चित्रात २६२ ओळी असतात, पालला ३१२ पाहिजेत, तर त्यांनी जास्तीच्या पन्नास ओळी चित्र संपल्यावर आणि टोचणी देण्याच्या आधी घातल्या. म्हणजे चित्र संपलं, चिप पन्नास ओळी उगाच बसून राहिली, मग टोचणी. टोचणीनंतर गेमला मिळणारा वेळ अमेरिकेत जितका तितकाच. गेमला कळतच नाही की तो परदेशात आला आहे.

मला हे आधी माहीत नव्हतं, म्हणून पहिल्या प्रयत्नात मी जास्तीच्या ओळी टोचणीच्या नंतर घातल्या. मारिओ मस्त चालला, दुसऱ्या एका गेममधे खालची पट्टी पडद्याच्या मधोमध येऊन बसली. मग टोचणी २४१ व्या ओळीवरून २९१ वर नेली आणि पट्टी गुपचूप जागेवर गेली. एम्युलेटरच्या गाभ्यात एकूण चाळीसेक ओळींचा बदल, त्यात मूळ लेखकाने पालसाठी जागोजागी "हो की नाही" असं लिहून ठेवलं होतं ते तीन पर्यायांचं करण्यातच निम्म्या गेल्या.

ताई तिसऱ्यांदा बसली. कूलर बंद. या वेळी ती काही बोललीच नाही, खेळत राहिली. पाइपमधून खाली जाऊन नाणी घेऊन आली, झेंड्यावरून उतरली, दुसरी लेव्हल. मीच शेवटी विचारलं बरोबर आहे का, तर म्हणाली, "हो, चालू कर आता तो कूलर, मरून राहिले."

मोजून पाहायची खोड असल्याने मी नंतर स्टॉपवॉच लावला. मारिओच्या पहिल्या लेव्हलमधे वर जो वेळ दिसते तो ४०० पासून खाली येते, आणि आम्ही लहानपणी भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून भांडायचो की हे सेकंद नाहीतच, गेमवाला फसवते. तो आकडा दर चोवीस फ्रेमला एकने कमी होते. साठ हर्ट्झवर पूर्ण ४०० संपायला १६० सेकंद, पन्नासवर १९२. माझ्या पोर्टवर १९२ आले. म्हणजे आम्हाला अमेरिकन पोरांपेक्षा प्रत्येक लेव्हलमधे जवळपास अर्धा मिनिट जास्त मिळत होता आणि तरी आम्ही चौथ्या जगाच्या पुढे गेलो नाही. हे ताईला सांगितलं नाही.

एक गोष्ट अजून जमलेली नाही, ती प्रामाणिकपणे सांगतो. लॅपटॉपचा पडदा साठ हर्ट्झचा, गेम आता पन्नासचा, म्हणजे दर पाचवी फ्रेम दोनदा दिसते आणि पार्श्वभूमी सरकताना बारीक झटका बसते. लक्ष देऊन पाहिलं तर दिसते. मी लक्ष देऊन पाहणं सोडलं आहे.

बाकी पॅकेज बनवताना नेहमीचं. हायकूची पॅकेजं फाइल न उलगडता जशीच्या तशी जोडली जातात आणि सिस्टमचं फोल्डर फक्त वाचता येते, लिहिता नाही. एम्युलेटर स्वतःच्याच फोल्डरमधे सेव्ह करायला जायचा आणि तोंडावर आपटायचा. सेटिंगचं फोल्डर कुठे आहे हे सिस्टमलाच विचारून तिथे लिहायला लावलं. पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी रेसिपीची फाइल लिहिली, हायकूपोर्टर या साधनाने बांधली, .एचपीकेजी ही पॅकेजची फाइल तयार झाली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि ज्यांना सांगावं असं कोणी जागं नव्हतं.

पण एसडीएल सोडून हायकूच्या पद्धतीने करण्याचा जो हट्ट होता त्याचं फळ शेवटी मिळालं ते ॲट्रिब्यूटमधे. हायकूच्या फाइल सिस्टमवर कोणत्याही फाइलला आपण आपल्या मनाने माहिती चिकटवू शकतो आणि मग डेटाबेससारखं शोधू शकतो, तेही फोल्डर उघडून पाहता पाहता. तर आता प्रत्येक गेमच्या फाइलला चिकटलेलं असते की हा अमेरिकन चालवायचा, पाल चालवायचा की डेंडी. फाइलवर दोनदा क्लिक केलं की एम्युलेटर ते वाचून बरोबर लय धरते. ट्रॅकरमधे, म्हणजे हायकूच्या फोल्डर दाखवणाऱ्या प्रोग्राममधे, तो कॉलम दिसतो. (पेन ड्राइव्हवर कॉपी केलं तर हे सगळं गळून पडते, कारण पेन ड्राइव्हवरच्या फॅट फाइल सिस्टमला ॲट्रिब्यूट कळत नाहीत, हे मी एकदा पूर्ण संग्रह हलवून शिकलो.)

आणि अजून एक कॉलम केला. "ताईने ऐकलं", हो किंवा नाही. कारण काही गेम लहानपणी तिच्या मैत्रिणीकडे खेळलो होतो आणि तिचा कन्सोल वेगळा होता, तो कोणत्या जातीचा ते फक्त ताईच्या कानालाच माहीत असणार. "नाही" वाल्यांची क्वेरी, म्हणजे जतन केलेला शोध, करून डेस्कटॉपवर ठेवली आहे, सध्या त्यात अकरा फाइल दिसून राहिल्या. ताईला फोन केला तर म्हणाली मुलांची परीक्षा आहे, आता दिवाळीत, आणि तेव्हा कूलरची भानगड पण नसेल.